अकरा पत्रं आणि पाच कोट

सकाळी सातला तीन नंबरच्या खोलीचं कुलूप निघालं, दार सरकलं आणि पहिली क्रेट उचलायला आत शिरलेला हमाल किंचाळत बाहेर आला.

दाराच्या आत, भिंतीला पाठ टेकून मंगळू गावित बसला होता. गुडघे छातीशी घेतलेले, डोळे उघडे, अंगात एक सुती सदरा. खोलीचं तापमान शून्य अंश होतं आणि वरचे दोन पंखे रात्रभर त्याच्या डोक्यावर वारा सोडत होते.

दिंडोरी रस्त्यावरचं हे कोल्ड स्टोरेज द्राक्षांचं. परदेशी जाणारा माल इथं थंड करून ठेवतात आणि त्यासाठी दर हंगामाला सुरगाण्याकडून मजूर येतात. मंगळू त्यांच्या टोळीचा मुकादम होता. वय अठ्ठावीस.

हाजरा मणियार आठ वाजता पोचली. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक, नोकरी अठरा वर्षं, स्वभाव तिखट. तिचे वडील देवळाली कॅम्पच्या बाजारात बांगड्या भरायचे. लहानपणी दुकानात बसून तिने हजारो मनगटं पाहिली होती, त्यामुळे आजही तिची नजर आधी हातावर जायची आणि मग चेहऱ्यावर. मंगळूचा हात पाहून ती खालीच बसली. उजव्या हाताची तीन बोटं सुजून काळी पडली होती आणि तळव्यात लाल प्लास्टिकचे कण रुतले होते.

दाराशेजारी भिंतीवर एक लाल बटण होतं. खाली पाटी होती, ‘आत अडकल्यास दाबा’. बटणाचं टोपण फुटलेलं होतं. हाजराने ते दाबलं. बाहेर काहीच वाजलं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग तळहाताने जोर लावून दाबलं. पंख्यांची घरघर तेवढी चालू होती.

“मॅडम, बाहेर चला, गारठाल,” हवालदार म्हणाला.

बाहेर दाराजवळच्या भिंतीत पाच खुंट्या होत्या आणि पाचही खुंट्यांवर जाड निळे कोट टांगलेले होते. हाजराने त्यांचा फोटो काढायला सांगितला. का, ते तिला त्या वेळी नीटसं सांगता आलं नसतं.

मंगळूचा मोबाइल ऑफिसात चार्जिंगला लावलेला सापडला. त्यातले मेसेज तिने उघडून पाहिले. एकही नव्हता. रिचार्ज संपला म्हणून कंपनी रोज पिच्छा पुरवते, तो मेसेजसुद्धा नव्हता.

मॅनेजर संतोष निरगुडे ऑफिसात बसला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. उजव्या तळहातावर अंगठ्याखाली एक पांढरी, बारीक रेघ होती.

“हे काय लागलंय?” हाजराने विचारलं.

“क्रेटचा पत्रा लागला मागे.”

“काल तुम्ही किती वाजता निघालात?”

“सव्वासहाला. मालक परदेशी असतात, सगळं माझ्यावरच. काल नाशिकला काम होतं, म्हणून लवकर निघालो.”

“खोलीला कुलूप कोण लावतं?”

“चंदर. मंगळूचा धाकटा भाऊ. साडेसहाला कुलूप लावून चावी ऑफिसातल्या खिळ्याला अडकवतो. आत न बघताच लावलं असणार, नाहीतर...” तो थांबला. “सांगावं की नाही कळत नाही. परवा दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. ‘एक दिवस इथंच मरशील’ असं चंदर सगळ्यांसमोर बोलला.”

“आतलं बटण दाबलं तर घंटा वाजायला हवी ना?”

“हो, इथं ऑफिसात. ती कधीपासून बंद होती, काही कल्पना नाही. आमच्याकडून तशी तक्रारच गेलेली नाही. तक्रारीचा पासवर्ड माझ्या एकट्याकडे असतो, मला कळलंच असतं.”

दुपारी घंटा बसवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक फराज आला. त्याने बटणामागचा डबा उघडला आणि तोंड वाकडं केलं.

“आतला जोड जळालाय. गंज बघा, दोन-तीन महिने तरी झाले असतील.”

“तुम्ही का नाही बदललात?”

“तक्रार आली असती तर दुसऱ्या दिवशी हजर झालो असतो, मॅडम. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

चंदर बावीस वर्षांचा. चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणलं.

“आत बघून कुलूप लावलंस?”

“तीनदा हाक मारली, बाई. आन् कोट मोजले.”

“कोट?”

“पाच जणं आत जातो. कोटाबिगर आत कोनी जात नाय, जाववतच नाय. बाहेर आला का जो तो आपला कोट खुंटीला लावतो. माणसं इकडंतिकडं पांगत्यात, म्हणून आम्ही कोट मोजतो. पाच होते. मंग लावलं कुलूप.”

“चावी?”

“ऑफिसात टांगली. पावणेसात झाले आसतील. साहेब टेबलाशी बसलेले होते.”

“साहेब म्हणतात ते सव्वासहाला गेले.”

साहेबाच्या शब्दापुढे आपला शब्द टिकायचा नाही, हे चंदरच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“भाऊ रात्री आला नाही, तरी शोधलं नाहीस?”

“गेणूच्या जीपनं गावाला जायचा होता, आईकडं. आमाला वाटलं गेला.”

“भांडण कशावरून झालं?”

चंदर मान खाली घालून बसला. दोनदा विचारलं तरी त्याचं उत्तर त्याने दिलं नाही, आणि तिथेच तो अडकला. कुलूप त्याचं, चावी त्याची, भांडण त्याचं आणि तोंड बंद. संध्याकाळी वरून फोन आला, अटक दाखवा. हाजराचं मन खात होतं. तरी तिने सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली दिसली. झुंबरबाई, मंगळू आणि चंदरची आई. सुरगाण्यापलीकडच्या पाड्यावरून ती दोन जीप बदलून आली होती.

“चंदरला भेटायचंय का, मावशी?” हाजराने विचारलं.

“नाय.”

“मग?”

“एकाला मातीत ठिवून आले. दुसरा तुमच्याकडं हाय. त्यानं मारला का नाय, येवढं सांगा. मारला आसंल तर मी त्याचं तोंड नाय बघनार. नसंल मारला, तर आज भेटते. पर येड्यासारखी मधीच नका ठिवू मला.”

अठरा वर्षांत हाजराला खूप जणांनी खूप काही विचारलं होतं, पण इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चंदरला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं. तिने म्हातारीला चहा सांगितला आणि गाडी काढायला लावली.

घंटा कधी बिघडली आणि ते कोणाला माहीत होतं, हे कळलं तर बाकीचं कळेल, असं तिला वाटत होतं. खोलीच्या दारावर तक्रारीसाठी एक फोन नंबर चिकटवलेला होता. तो त्याच कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात, कॉलेज रोडवरच्या एका तिसऱ्या मजल्यावर वाजायचा. तिथे सहा मुली कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या आणि त्यांची प्रमुख होती वेदिका. तिशीतली, घाबरलेली.

“दिंडोरी रोडच्या कोल्ड स्टोरेजच्या तक्रारी दाखवा.”

वेदिकाने टाइप केलं. यादी आली. तीन तक्रारी, तिन्ही फेब्रुवारीच्या, तिन्ही पंख्यांच्या.

“डिसेंबरच्या?”

“पुसल्या गेल्या, मॅडम.”

हाजराचा आवाज चढला. “माणूस मेला आणि तुम्ही तक्रारी पुसल्यात?”

“आम्ही नाही!” वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “तक्रारी ठेवायचं सॉफ्टवेअर आम्ही भाड्याने घेतलंय. सगळं त्यांच्या क्लाउडवर असतं. आधी बंद झालेली तक्रार वर्षभर राहायची. एक जानेवारीपासून त्यांनी मर्यादा साठ दिवसांवर आणली. तक्रार बंद झाली की साठ दिवस, मग आपोआप जाते. आम्हालाही परत मिळत नाही. डिसेंबरअखेर आम्ही सगळ्या ग्राहकांना तसं कळवलं होतं.”

“तक्रार बंद कोण करतं?”

“काम झालं की मेकॅनिक करतो. किंवा ग्राहक स्वतः, पासवर्ड टाकून.”

“या मर्यादेवर कोणी ओरडलं नाही?”

“ओरडले ना. अकरा जणांनी लिहिलं. ती पत्रं अजून आहेत, कारण वरून उत्तर आलं नाही म्हणून मी ती बंदच केली नाहीत. उघड्या तक्रारीला मर्यादा लागत नाही.”

हाजराने अकराही पत्रं छापून घेतली आणि तिथेच बाकावर बसून वाचली. सिन्नरच्या दूध डेअरीने लिहिलं होतं, आमचं वॉरंटीचं भांडण चालू आहे, साठ दिवसांत पुरावा गेला तर आम्ही काय दाखवायचं? एका औषध दुकानदाराने तर सरळ शिव्या घातल्या होत्या. एकाने विनवलं होतं, जास्त भाडं घ्या पण वर्षभर ठेवा.

दिंडोरी रोडच्या कोल्ड स्टोरेजचंही पत्र होतं. तारीख तीन जानेवारी, खाली संतोष निरगुडेचं नाव. ‘नवीन मर्यादेबद्दल आम्हाला काळजी वाटते. डिसेंबरच्या सुरुवातीला बंद झालेली तक्रार नेमकी कोणत्या तारखेला जाईल? गेल्यानंतर ती आमच्याकडून, तुमच्याकडून वा अन्य कोणाकडून, कोणत्याही मार्गाने परत मिळू शकते का? कृपया खात्रीने कळवावे.’

“सगळ्यांत नम्र पत्र त्यांचंच,” वेदिका म्हणाली. “मी फोन करून सगळं सांगितलं त्यांना. दोनदा विचारून घेतलं त्यांनी.”

“या अकरा जणांसाठी काहीच केलं नाहीत तुम्ही?”

“केलं. आपल्या सगळ्या तक्रारींची प्रत उतरवून घ्यायची सोय करून दिली. दहा जणांनी उतरवली.”

“आणि अकरावा?”

वेदिकाने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. हाजराने नाव वाचलं आणि वहीत लिहून घेतलं.

“शेवटचं. तक्रार पुसली जाते. कोण पासवर्ड टाकून कधी आलं, ते?”

“ते राहतं. वर्षभर.”

ते पानही हाजराने छापून घेतलं. शेवटून दुसऱ्या ओळीखाली तिने पेन्सिलने रेघ मारली.

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कोल्ड स्टोरेजच्या मागे होत्या. मंगळूची बायको मैना तिथे भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातातल्या बांगड्या काढून टाकलेल्या. हाजरा तिच्याजवळ जमिनीवरच बसली, आणि तिची नजर सवयीने मनगटावर गेली. डाव्या मनगटाभोवती बारीक पांढऱ्या खुणा होत्या, तीन-चार, अर्धगोल.

“या खुणा बांगड्या फुटून झाल्यात,” हाजरा हलकेच म्हणाली. “पण नवऱ्यासाठी फोडल्या तेव्हाच्या नाहीत. दोन महिन्यांच्या जुन्या आहेत. कोणीतरी हात धरला होता.”

मैनाने हात पदराखाली घेतला.

“माझे वडील बांगड्या भरायचे. मला फसवता नाही यायचं, बाई.”

मग मैना बोलायला लागली, तीही भिंतीशीच.

“मार्गशीर्षात. आठ तारीख हुती. तीन नंबरात साफसफाईला एकलीच गेले. साहेब मागून आला. दार लावून घेतलं. हात धरला. मी झटापट केली, बांगड्या फुटल्या, त्याच्या हातात घुसल्या. मी ते लाल बटन दाबलं. लय दाबलं. वाजलंच नाय.” ती थांबली. “तोबी गप उभा ऱ्हायला, ऐकत. कायच वाजत नाय बघून हसला. तेवढ्यात चंदर गाडा घिऊन आला, म्हणून सुटले.”

“मंगळूला सांगितलंस?”

“त्याच सांजंला. त्यानं साहेबाच्या थोबाडीत हाणली, सगळ्या बायांसमोर. कशापायी, ते बोलला नाय, माझं नाव नको म्हणून. चंदरला ठावं हुतं. तो म्हणं, इथून निघू, नायतर एक दिवस इथंच मरशील. मंगळू म्हणं, हंगाम झाला का पोलिसात जाऊ, टोळीची मजुरी बुडंल आत्ता. त्याच्यावरूनच भांडत. चंदरनं माझी शपथ घेतलेली, कोनाला सांगनार नाय म्हणून.”

म्हणजे पोरगा खुनाचा आरोप अंगावर घेऊन बसला होता, आणि वहिनीची शपथ मोडत नव्हता. हाजराला स्वतःच्या सहीची लाज वाटली.

“घंटेचं पुढे काय झालं?”

“मंगळू म्हणं, आज तू हुतीस, उद्या दुसरी कोन आसंल. दुसऱ्या दिवशी त्यानं दारावरल्या नंबरला फोन केला.”

“त्याच्या फोनमध्ये तर काहीच नाही.”

“त्याच्या फोनात रिचार्ज कुठं हुता? गेणूच्या फोनवरून केला.”

गेणू हा सुरगाण्याचा जीपवाला, पन्नाशीचा. दुपारी तो फाट्यावर सापडला. झाकण तुटलेला, दोऱ्याने बांधलेला फोन त्याने खिशातून काढला.

“आमच्या पाड्यात रेंज नाय, बाई. आन् रिचार्ज कोनाचा ऱ्हातो, कोनाचा नाय. म्हणून रेशन आसंल, शाळा आसंल, दवाखाना आसंल, सगळे माझाच नंबर देत्यात. मी जीप घिऊन खाली येतो ना, रेंजमधी.”

“मग इतक्या लोकांचे मेसेज?”

“ज्याचा मेसेज त्याला वाचून दाखवायचा. त्यानं पूस म्हणलं का पुसायचा. नाय म्हणलं तवर नाय. मान्साची वस्तू हाय ती.”

“मंगळूचे आहेत?”

“दोन हायेत. एक वाचून दाखवला. दुसरा दाखवायला गेलो, तर म्हणं, घंटा दुरुस्त झाली आसंल, ऱ्हाऊ दे. पूस काय म्हणला नाय.”

हाजराने फोन हातात घेतला. पहिला मेसेज नऊ डिसेंबरचा. ‘तक्रार क्र. ४४१७. खोली क्र. ३, धोक्याची घंटा वाजत नाही. तक्रार देणारे: मंगळू. नोंद झाली आहे.’ दुसरा दहा डिसेंबरचा. ‘तक्रार क्र. ४४१७ ग्राहकाच्या सूचनेवरून बंद करण्यात आली आहे.’

तिने ते दोनदा वाचलं. मग गेणूला म्हणाली, “जीप घ्या. माझ्या गाडीमागे चला.”

चार वाजता कोल्ड स्टोरेजमध्ये, तीन नंबरच्या दारासमोर, हाजराने सगळ्यांना उभं केलं. एका बाजूला मैना आणि गेणू, दोन शिपायांमध्ये चंदर. झुंबरबाई लांब, खांबाला धरून उभी होती. ती अजून चंदरकडे बघत नव्हती. समोर संतोष निरगुडे.

“मॅडम, गाड्या भरायच्या आहेत. लवकर आटपलं तर बरं,” तो म्हणाला.

“आटपते. आधी कोट बघा.” हाजराने खुंट्यांकडे बोट केलं. “त्या दिवशी सकाळी पाचही कोट इथं होते, फोटो आहे. शून्य अंशात काम करणारा माणूस कोटाशिवाय आत जात नाही. म्हणजे मंगळू काम संपवून बाहेर आला होता, कोट टांगून गेला होता. चंदरने कोट मोजले आणि रिकाम्या खोलीला कुलूप लावलं. त्यात त्याची काही चूक नाही.”

खांबाजवळ म्हातारीने मान वर केली.

“मंगळू नंतर आत गेला. एका मिनिटाचं काम म्हणून गेला, म्हणून कोट घातला नाही. सांगणारा असा होता, की त्याचं ऐकावंच लागतं. आणि चावी ऑफिसात होती.”

“चावी कोणीही घेऊ शकतं,” संतोष म्हणाला. “मी सव्वासहाला गेलो होतो.”

“त्यावर येते. पण मारणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक हवी, की घंटा वाजणार नाही. नाहीतर पाच मिनिटांत माणूस सुटला असता. तुम्ही म्हणालात, घंटेची तक्रारच गेली नव्हती. पण गेली होती.”

संतोष हसला. “मग दाखवा ना. नऊ डिसेंबरची तक्रार आता कुठून आणणार तुम्ही?”

हाजराने वही मिटली.

“नऊ तारीख मी उच्चारली नव्हती.”

संतोषचा हात घड्याळाच्या पट्ट्यावर गेला. “म्हणजे... अंदाजाने म्हणालो.”

“अंदाज बरोबर आहे. नऊला मंगळूने तक्रार दिली. ती तुम्हाला कॉम्प्युटरवर दिसली. दहाला तुम्ही पासवर्ड टाकून ती बंद केलीत, म्हणजे मेकॅनिक येऊच नये. कशासाठी? आदल्या दिवशी याच खोलीत तुम्ही मैनाचा हात धरलात. तिने बटण दाबलं आणि ते वाजलं नाही. घंटा बंद आहे हे तुम्हाला त्या क्षणी कळलं, आणि ते तुम्हाला सोयीचं वाटलं. संध्याकाळी मंगळूने तुम्हाला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. हातावरची ती रेघ पत्र्याची नाही, काचेची आहे. मी बांगडीवाल्याची मुलगी आहे.”

चंदरने मैनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, मी सांगितलं म्हणून.

“पण ती तक्रार अंगावर येणार होती. वर्षभर राहिली असती. डिसेंबरअखेर तुम्हाला कळलं, मर्यादा साठ दिवसांवर आलीय. अकरा जणांना काळजी वाटली. दहा जणांनी विचारलं, आमच्या तक्रारी वाचवायच्या कशा. तुम्ही विचारलंत, नेमक्या कधी जातील आणि परत तर येणार नाहीत ना. त्या दहा जणांनी प्रत उतरवून घेतली. तुम्ही घेतली नाही. तुमची काळजी उलटी होती.”

“काळजी करणं गुन्हा आहे का?”

“दहा डिसेंबरपासून साठ दिवस, म्हणजे आठ फेब्रुवारी. तोवर तुम्ही थांबलात. अकराला मंगळू गावी जायच्या आधी चार्जिंगला लावलेला फोन न्यायला ऑफिसात आला. तो गावी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, रात्री कोणी शोधणार नव्हतं. तुम्ही एक नमुन्याची क्रेट आणायला पाठवलंत आणि मागून कुलूप लावलंत. मग त्याच्या फोनमधले मेसेज पुसलेत. घाईत सगळेच पुसलेत, रिचार्जचेसुद्धा.”

“मी इथं नव्हतो!” आता त्याचा आवाज फाटला. “मी सव्वासहाला गेलो होतो!”

हाजराने छापलेलं पान पुढे धरलं. “तक्रारी पुसल्या जातात. कोण कधी पासवर्ड टाकून आलं, ते वर्षभर राहतं. अकरा फेब्रुवारी, सहा वाजून बावन्न मिनिटं, याच ऑफिसचा कॉम्प्युटर, तुमचा पासवर्ड. जो तुमच्या एकट्याकडे असतो. मंगळूला आत पाठवण्याआधी तुम्ही बसून खात्री करत होतात, की तक्रार खरंच गेली का.”

संतोषने पानाकडे पाहिलं.

“गेलेली होती ती,” तो पुटपुटला. “त्याच्या फोनमध्येही नव्हती. मी बघितलं. कुठंच नव्हती.”

“गेणूच्या फोनमध्ये होती,” हाजरा म्हणाली. “यांचा सगळा पाडा गेणूचा नंबर देतो. दोन महिने ही माणसं तुमच्या हाताखाली राबली, आणि तुम्हाला एवढंही ठाऊक नव्हतं.”

शिपायांनी चंदरच्या हातातली बेडी काढली आणि संतोषला घातली. जाताना त्याने तीन नंबरच्या दाराकडे पाहिलंही नाही.

झुंबरबाई खांब सोडून पुढे आली. चंदरसमोर उभी राहिली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने बराच वेळ पाहिला, जणू नीट ओळखून घेत होती. मग ती पोराच्या छातीवर कपाळ टेकून रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

हाजरा पाठ करून उभी राहिली. थोड्या वेळाने ती चंदरजवळ गेली. “सही माझी होती,” ती म्हणाली. “तुझं ऐकूनही केली. माफ कर.”

गेणूचा फोन पुराव्यात जमा करायचा होता. हवालदाराने लिफाफा आणि लाख आणली. पाड्याचा एकुलता चालता फोन, पण गेणूने कुरकुर केली नाही, दोरा सोडून तो पुढे केला. झुंबरबाईने मात्र त्याचा हात धरला.

“बाई,” ती हाजराला म्हणाली, “तुमच्याकडं किती दिस ऱ्हातं हे? का तुम्हीबी पुसता?”

“नाही, मावशी. खटला संपेपर्यंत राहील. मग तुमच्या हातात परत देईन. मी स्वतः आणून देईन.”

म्हातारीने विचार केला. मग गेणूला म्हणाली, “ते लाख लावायच्या आधी एकडाव वाच.”

गेणूने फोन डोळ्यांपासून लांब धरला. “तक्रार क्रमांक चार हजार चारशे सतरा. खोली क्रमांक तीन, धोक्याची घंटा वाजत नाही. तक्रार देणारे, मंगळू.”

“माझ्या पोरानं आधीच सांगून ठिवलं हुतं,” झुंबरबाई म्हणाली, आणि लिफाफ्यासाठी हात सोडला.